आज्जीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी उघडताच चंद्र उजळणारं कार्ड करायचंय, सांगा की कसं करू

कागदवेडी

नमस्कार मंडळी. माझ्या आज्जीला ८० पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात घरच्यांनी तिचं सहस्रचंद्रदर्शन धरलंय, जुळे सोलापुरातल्या एका कार्यालयात. काकांनी आचारी बघितला, आत्यानं साडी घेतली, गुरुजींचं बाबांकडे आहे. मी तिला हातानं केलेलं कार्ड देणार आहे. कार्ड उघडलं की आत चंद्र उजळला पाहिजे.

कागदाचं काम मला येतं. क्विलिंग, पॉप-अप, जाळीचं कातरकाम कॉलेजपासून करते, राख्यांच्या ऑर्डरीही घेते. विजेचं मात्र शाळेत शिकले तेवढंच. काळ्या कार्डशीटचं ए५ मापाचं कार्ड केलंय. आतल्या उजव्या पानावर ६ सेंमीचा गोल कापून मागून बटर पेपर लावला. त्यामागे ५ मिमीचा पांढरा एलईडी, घड्याळवाल्याकडून आणलेला सीआर २०३२ सेल, आणि तारेऐवजी स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या पट्ट्या, गोंदानं चिकटवलेल्या.

लागतो, पण कार्ड जरा हललं की विझतो. दुसरं म्हणजे चंद्र असा वाटतच नाही. मधोमध टॉर्चसारखा झगझगीत ठिपका दिसतो आणि कडेला अंधार. एलईडीमुळे पान फुगतं ते वेगळंच. शिवाय मला चंद्राखाली आज्जीच्या कुंकवासारखा एक लहान लाल दिवा हवा होता. तो जोडला की लाल झकास लागतो आणि पांढरा गपकन जातो. सेल नवा आहे.

आत्ता पट्टीवर बोट दाबलं की दिवा लागतो असं आहे. आज्जीची बोटं संधिवातानं वाकलीत, तिला दाबून धरणं जमायचं नाही. नुसतं उघडल्यावर लागायला हवं आणि मिटल्यावर विझायला हवं.

आणखी एक विचारते. आज्जीच्या लग्नातल्या शालूची जर काठाशी उसवून आलीय. ती थोडी घेऊन तार म्हणून वापरली तर वीज जाईल का? तिच्याच शालूच्या जरीनं तिचा चंद्र लागला तर मला फार आवडेल.

सर्किट_मास्तर

लाल-पांढऱ्याचं कोडं सोपं आहे. लाल एलईडीला १.८ ते २ व्होल्ट पुरतात. पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. दोन्ही एकाच सेलला समांतर जोडले की लाल भसाभस वीज ओढतो आणि एवढासा सेल दमतो, त्याचा दाब (व्होल्टेज) लालच्या पातळीपर्यंत खाली येतो. तेवढ्यावर पांढरा पेटत नाही.

पांढऱ्याला जास्त का लागतात, तर तो मुळात निळा एलईडी असतो, वर पिवळं रसायन लावलेला. लाल एलईडी निक होलोन्याकनं १९६२ मध्ये केला. चांगला निळा मिळायला त्यानंतर तीस वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या निळ्यासाठीच मिळालं. निळा प्रकाश जास्त ऊर्जेचा, म्हणून दाबही जास्त.

उपाय: लालच्या वाटेत १०० ते २२० ओहमचा रेझिस्टर (वीज रोखणारा सुटा भाग) घाला. आणि दोन एलईडी एकामागे एक, म्हणजे एकसरीत, कधीच जोडू नका. दोन पांढऱ्यांना ६ व्होल्ट लागतील, तुमच्याकडे ३ आहेत.

विज्ञानाच्या बाई

कागदवेडी, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी सोलापुरातच शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. मे महिन्यात गल्लीतल्या मुलींना गोळा करून उजळणारी कार्डं करते. आकाशकंदील, सिद्धेश्वराच्या तलावातले दिवे, गड्ड्याच्या जत्रेतला नंदीध्वज, असं काय काय केलंय. सहस्रचंद्रदर्शनाचं कार्ड मात्र कुणी केलेलं नाही, आणि ते तुझ्या हातून चांगलंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फॉइल काढून टाक. अॅल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो वीज अडवतो. त्यात पट्टी गोंदानं चिकटवलेली, म्हणजे सांध्यात गोंदाचाही थर. हललं की विझणारच. तांब्याची चिकटपट्टी आण, ५ किंवा ६ मिमी रुंदीची. नवी पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचार, नाही मिळाली तर ऑनलाइन मिळते. रुंद मिळाली तर कात्रीनं उभी चिरून घे.

पट्टीला कोपऱ्यावर कापू नकोस. अखंड ठेव. वळायचं असेल तिथं आधी पट्टी उलट्या दिशेला दुमडायची, घडी नखानं दाबायची आणि मग हव्या त्या बाजूला फिरवायची. कापून दुसरा तुकडा वर चिकटवला तर त्याच्या पोटातला गोंद मध्ये येतो. काही पट्ट्यांचा गोंद वीज नेणारा असतो, पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही. जोडावंच लागलं तर सांध्यावर कथलाचा डाग देते, म्हणजे सोल्डर करते. त्यासाठी २५ वॅटची कावी, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, घे आणि टोक एक-दोन सेकंदच टेकव. तेवढ्यात कागदाला काही होत नाही. तुझ्याकडे कावी नसेल तर रेडिओ-मोबाईल दुरुस्तीवाला दोन मिनिटांत देईल. सेलला मात्र कधीही डाग द्यायचा नाही. लिथियमचा सेल तापला तर फुटतो.

आता चंद्र. अशा कार्डात दिवा दिसता कामा नये, उजेड दिसावा. तुझा ५ मिमीचा एलईडी पुढच्या घुमटामुळे भिंगासारखं काम करतो, म्हणून तो ठिपका. घुमट पॉलिश पेपरनं घासून धूसर केला तर थोडा फरक पडतो, पण तू तो सोडूनच दे. चपटे एसएमडी एलईडी घे. १२०६ मापाचा एलईडी ३.२ मिमी लांब आणि १.६ मिमी रुंद असतो, कागदाखाली फुगवटा येत नाही, आणि उजेड चहूकडे पसरतो. गणपतीच्या मखरातून उरलेली एलईडीची पट्टी घरात असेल तर त्यातलेही सुटे काढता येतात. पट्टी आहे तशी कापून लावू नकोस. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकसरीत असतात, ते ३ व्होल्टवर लागत नाहीत. रंग वॉर्म व्हाइट घे. निळसर पांढऱ्यात चंद्र दवाखान्यातल्या ट्यूबसारखा दिसतो.

तांब्याच्या दोन पट्ट्या रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर टाक, मध्ये २ मिमी जागा. चंद्राच्या गोलामागे तीन एलईडी त्रिकोणात बसतील असे रूळ वळव. प्रत्येक एलईडी दोन रुळांवर आडवा. बहुतेक १२०६ एलईडींवर ऋण बाजूला बारीक हिरवी खूण असते, पण खुणेवर विसंबू नको. डाग देण्याआधी प्रत्येक एलईडी सेलला लावून बघ.

आता पडदा. एलईडी आणि चंद्राचा कागद यांत ६ मिमी तरी अंतर हवं. ३ मिमीच्या फोम टेपचे दोन थर एकावर एक लाव, गोलाच्या कडेनं. आणि हे बहुतेक जण विसरतात: त्या पोकळीच्या आतून पांढरा कागद लाव, तळाला आणि कडांना. तुझी काळी कार्डशीट आतला अर्धा उजेड गिळतेय. नुसत्या पांढऱ्या अस्तरानं चंद्र किती उजळतो ते स्वतः बघशील.

पुढचा कागद बटर पेपर ठेवू नकोस. साधा पांढरा चित्रकलेचा पातळ कागद लाव, त्यामागे ट्रेसिंग पेपर. कारण सांगते. त्या पांढऱ्या कागदाच्या पाठीला, तशाच कागदातून कापलेला ससा चिकटव. दिवा बंद असताना पुढून काहीच दिसत नाही, कोरा गोल. दिवा लागला की दोन थर जिथं आहेत तिथं सावली पडते आणि चांदोमामावरचा ससा वर येतो. कातरकाम तुझ्या हातात आहे, तर इथं ते वापर. सश्याचे कान थोडे जाड ठेव, बारीक केले तर उजेडात विरघळतात. अजून गडद डाग हवे असतील तर तिसरा थर दे, पण एकदोनच ठिकाणी.

लाल दिव्याचं मास्तरांनी बरोबर सांगितलं. मी रेझिस्टरच्या भानगडीत न पडता कुंकवासाठीही पांढराच एलईडी लावते आणि वरून लाल जिलेटीन पेपर. सगळे एलईडी एकाच जातीचे असले की भांडण नाही.

सेलची जागा नीट बघ. सीआर २०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी. अधिकची खूण असलेली रुंद बाजू धन, आणि सेलची कडसुद्धा धनच. लहान बाजू ऋण. ऋणाची पट्टी सेलखाली जाताना कडेला टेकली तर सेल आतल्या आत संपतो, दिवाही लागत नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून त्या पट्टीवर कडेपर्यंत साधी चिकटपट्टी लाव. तांबं उघडं ठेवायचं ते सेलच्या मध्याखाली. सेलसाठी कार्डशीटचे गोल कापलेले थर रचून खळगा कर, म्हणजे सेल सरकणार नाही.

राहिलं उघडण्याचं. पूर्वी गाणारी कार्डं मिळायची, आठवतात? उघडलं की ट्यूं ट्यूं सुरू. त्यांच्या आत प्लास्टिकची एक जीभ असायची. मिटलेल्या कार्डात ती दोन पत्र्यांच्या मध्ये असते, उघडताना ओढली जाते आणि पत्रे टेकतात. तेच इथं कर. सेलवर तांबं लावलेली कागदाची झाकणी येऊ दे, पाठीवर फोमचा तुकडा, म्हणजे ती सेलवर हलकी दाबून राहील. सेल आणि झाकणी यांच्या मध्ये ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ कागदाची) दीड सेंमी रुंद जीभ. जीभ डाव्या पानाला घडीपासून दीड सेंमीवर चिकटव आणि उजव्या पानात घडीपासून दीड सेंमीवरच चीर देऊन तिथून आत घाल. मिटलेल्या कार्डात चिकटवलेली जागा आणि चीर एकमेकांवर येतात. पूर्ण उघडलं की त्यांच्यात ३ सेंमी अंतर पडतं, म्हणजे जीभही ३ सेंमी ओढली जाते. झाकणीचं तांबं चिरेपासून ३ सेंमीवर टेकेल असं ठेव आणि जीभ चिरेच्या आत साडेचार सेंमी. मग उघडल्यावर तांबं मोकळं होतं आणि जिभेचं दीड सेंमी टोक आतच राहतं, मिटताना ते वाट चुकत नाही. जिभेच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या पट्ट्या लावून बोगदा कर. कागदाची जीभ करू नकोस, परत आत ढकलली जाताना ती वाकते.

आधी हे सगळं जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर करून बघ. जिभेचं माप कार्डाच्या जाडीप्रमाणे मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडंतिकडं होतं.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब मुलींना मी नेहमी करायला लावायचे. एका पौर्णिमेपासून दुसरी साधारण २९.५३ दिवसांनी. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि दहा महिने. तुझ्या आज्जीचा हजारावा चंद्र तिच्या या एक्क्याऐंशीव्या वर्षातलाच आहे. हे कार्डाच्या पाठीवर लिहिलंस तर वाचायला येणाऱ्या भाचरंडांनाही कळेल.

मागवाला

जरीचं मी सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या मागावर गेल्या, जरीशी रोजचा संबंध.

खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. नकली जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार असते, तिला चांदीचा मुलामा. आता बाजारात जास्त चालते ती प्लास्टिकची, पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर धातूचा अगदी पातळ थर आणि वर लाखेसारखं आवरण. ही तिसरी वीज नेत नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्या दोन नेतात. मल्टीमीटर (वीज मोजायचं मीटर) बीपवर लावून दोन टोकं टेकवा, लगेच कळेल. आज्जींच्या लग्नातला शालू म्हणजे पहिली किंवा दुसरी असण्याची शक्यता जास्त.

पण तार म्हणून वापरू नका. धाग्यावर गुंडाळलेली तार घडीवर तुटते, आणि जुन्या जरीवर काळपटपणा आलेला असतो, तो सांध्यात अडथळा करतो. त्या उसवलेल्या जरीचं चंद्राभोवती खळं करा. पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं. सुईनं कार्डशीटवर टाके घालून गोल फिरवा. उजेड लागला की जर आतून नाही, पण कडेनं चमकेल. एक सांभाळा: टाक्याची पाठ आतल्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकायला नको, नाहीतर तीच जर शॉर्ट करेल. मध्ये कागदाचा थर द्या. आणि शालूची जर ओढून काढू नका, सुटलेली असेल तेवढीच घ्या.

दोन_लेकरांची_आई

कार्यालयात लहान मुलं असणार, म्हणून लिहितेय. हा गोल सेल मुलांना गोळीसारखा वाटतो. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यात त्याची वीज वाहू लागते आणि आतून भाजतं. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि एक्स-रे काढायचा. २० मिमीचा सेल याच कारणानं जास्त धोक्याचा, तो अडकण्याच्या मापाचाच आहे. कृपया सेलची जागा उघडी ठेवू नका.

विज्ञानाच्या बाई

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी मूळ उत्तरातच लिहायला हवं होतं, इथं जोडते. कागदवेडी, सेलच्या खळग्यावर झाकणी आली की तिच्या तिन्ही कडा कापडी चिकटपट्टीनं बंद कर. जीभ येते ती एकच बाजू उघडी, आणि तिथली फट सेलच्या जाडीपेक्षा कमी ठेव. सेल बदलायचा असेल तर पट्टी कात्रीनंच कापावी लागेल अशी असू दे. नखानं उचकटता येईल अशी नको. उरलेले आणि संपलेले सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावर ठेव, खेळण्यांच्या डब्यात टाकू नकोस. संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते. कचऱ्यातही टाकू नकोस, ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

कागदवेडी

बाई, मास्तर, मागवाले दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. नवी पेठेत एसएमडी एलईडी मिळाले, तांब्याची पट्टी मागवली. नमुना झालाय. पांढरं अस्तर लावल्यावर तर मी दोनदा कार्ड मिटून उघडून बघितलं, तोच सेल आणि तेच एलईडी. ससा दिसतो! आईला दाखवला, अर्धवट उघडलेल्या कार्डात तिला आधी नुसता पांढरा गोल दिसला, पूर्ण उघडून टेबलावर ठेवल्यावर म्हणाली, "अगं, हा कुठून आला?"

जर खरी निघाली बहुतेक, मीटर वाजला. खळं केलं. आईनं एक सुचवलं ते करायचं ठरतंय: डाव्या पानावर सुईनं ९९९ टोचे आणि उजव्या पानावरचा मोठा चंद्र हजारावा. मोजायला सोपं पडावं म्हणून वर आलेख कागद लावून ४० च्या २५ ओळी, त्यातला एक टोचा सोडायचा. बाई, डाव्या पानामागेही दिवे लावू का?

आणि दोन प्रश्न. जीभ आत जाताना कधीकधी अडते. शिवाय आज्जीची धाकटी बहीण विजापूरला असते, तिचे गुडघे गेलेत, ती कार्यक्रमाला येऊ शकत नाही. तिलाही एक असंच कार्ड पोस्टानं पाठवायचंय. नीट पोचेल का?

सर्किट_मास्तर

डाव्या पानामागे दिवे लावायचे म्हटलं तर एवढ्या भागाला आठ-दहा एलईडी लागतील. एका सीआर २०३२ वर ते मिणमिणतील. दोन एएए सेल लावले तर भरपूर उजेड, पण कार्डाची पेटी होईल. किती वेळ चालेल हेही सांगून ठेवतो: सीआर २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते, ती अगदी कमी विजेवर मोजलेली. तुमच्या चारेक एलईडींवर तेवढी पूर्ण मिळणार नाही, तरी मधूनमधून उघडून बघायला पुष्कळ. आणि कार्ड मिटलेलं असताना संपर्क खरंच तुटत असेल तर हा सेल वर्षानुवर्षं टिकतो. साधारण वर्षाला एक टक्का उतरतो. पुढच्या पाच-सात दिवाळ्यांना उघडलं तरी चंद्र लागेल.

विज्ञानाच्या बाई

९९९ टोचे! तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

डाव्या पानामागे दिवे लावू नकोस. मास्तरांनी सेलचं कारण दिलं, माझं कारण वेगळं आहे. आज्जींचं लक्ष एका जागी जाऊ दे. दोन्ही पानं उजळली तर ससा हरवेल. टोचे तसेच ठेव. त्या पानाला मागून अस्तर लावू नकोस, म्हणजे आज्जी कार्ड हातात धरून खिडकीकडे वळल्या की दिवसा उजेडात ते आपोआप दिसतील. टोचे आतल्या बाजूनं बाहेर टोच, म्हणजे हाताला लागणारा खरखरीतपणा पाठीमागे जाईल. ज्यांची नजर कमी झालीय त्यांना मात्र उलट केलेलं आवडतं, बोट फिरवून मोजता येतं. आज्जींचे डोळे कसे आहेत त्यावर ठरव. आलेख कागदावर ४ मिमीचं अंतर घेतलंस तर ४० च्या २५ ओळी १६ बाय १० सेंमीत बसतात, ए५ पानावर कडेला जागा उरते. रोज पाच ओळी केल्यास तर हात भरून येणार नाही. एका बैठकीत करायला जाऊ नकोस, शेवटच्या ओळी वाकड्या जातात.

जीभ अडते ती टोकाशी. टोकाचे दोन्ही कोपरे गोल काप. शिवाय झाकणीची जिभेकडची कड वर वळव, नांगराच्या फाळाला देतात तशी थोडीशी, म्हणजे जीभ खाली शिरेल. तरी अडली तर जिभेवर मेणबत्ती घास. तेल लावू नकोस, तांब्याला लागलं की संपर्क जातो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भरपूर वेळा उघडमीट करून बघ, आणि मग नवा सेल घाल. घड्याळवाल्याला मीटर लावून दाखवायला सांग, कोरा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. कार्ड कार्यालयात नेताना गाडीत उन्हात ठेवू नकोस. आपल्या उन्हानं फोम टेपचा गोंद पातळ होतो आणि चंद्र घसरतो.

विजापूरच्या आज्जींचं कार्ड सेल न घालता पाठव. पोस्टात पाकिटावर शिक्के पडतात, गठ्ठ्याखाली दाबलं जातं, त्यात जीभ सरकली तर सेल वाटेतच संपेल, आणि लिथियमचा सेल डाकेत न घातलेलाच बरा. त्या कार्डाला झाकणीची एक कड मोकळी ठेव आणि बंद करायला कापडी पट्टीचा तुकडा आत चिकटवून दे. चंद्राच्या पोकळीत पाठवताना कापसाचा पातळ थर भरू नकोस, एलईडीत अडकतो. त्याऐवजी कार्डाच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लाव आणि स्पीड पोस्ट कर. तिथं त्यांच्या घरचं कुणीतरी जवळच्या घड्याळवाल्याकडे जाईल, तो सीआर २०३२ घालून वरून पट्टी लावून देईल. अधिकची खूण असलेली रुंद बाजू झाकणीकडे, हे आतल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिही. मराठीत आज्जींसाठी आणि खाली कन्नडमध्ये त्या घड्याळवाल्यासाठी. कन्नड लिहिणारं कुणी हवं असेल तर मला सांग, आमच्या वाड्यात तिघी आहेत.